अकरानं भाग जाणारी म्हैस

कळस गावच्या शाळेतल्या आमच्या गणिताच्या बाईंना मोठा आकडा दिसला, की त्या आधी त्याचा स्वभाव बघत. लग्नपत्रिकेवरचा मोबाइल नंबर असो नाहीतर विजेच्या मीटरवरचा. तो कुणाचा हे नंतर, त्याला कशानं भाग जातो हे आधी. "आकडा पाठ कशाला करायचा? स्वभाव ध्यानात ठेवावा," म्हणायच्या. गणितात मी कसा पास झालो हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, ही त्यांची माया.

त्या निवृत्त झाल्यावर जनावरांच्या डॉक्टरांनी बाईंच्या म्हशीच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला मारला. म्हैस ओरडत होती आणि बाई एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करत होत्या. दोन्ही सारख्या आल्या, म्हणजे अकरानं भाग जातो. त्या दिवसापासून म्हैस 'अकरी' झाली. एकट्या बाईंना घरी बोलायला तेवढीच होती.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बारामतीला लेकीकडं जाताना त्यांनी अकरी माझ्या हवाली केली. हुशार माणूसही कुठंतरी चुकतोच.

मी तिला कॅनॉलवर नेलं, तिथल्या कळपात सोडलं, बाभळीखाली मोबाइल बघत बसलो आणि दिवस कलल्यावर एक म्हैस घेऊन घरी आलो. धारेला बसलो, तर तिनं बादलीसकट मला उडवलं. वाटलं, बाईंच्या आठवणीनं चिडली असेल. तरी फोन लावला. बाईंच्या डोळ्यावर पट्टी होती. त्यांनी मला बिल्ला वाचायला लावला आणि मनातच बेरजा केल्या.

"भाग जात न्हाय. कुणाची आणलीस ही?"

बाईंची एकुलती एक म्हैस मी हरवली होती.

कॅनॉलवरचा कळप गावातल्या तात्यांचा. त्यांच्या गोठ्यात शिरून, विचारणं नाही पुसणं नाही, मी एकेक कान धरून बेरजा करत सुटलो. तिसऱ्याच म्हशीला अकरानं भाग गेला. दावं सोडायला लागलो, तेवढ्यात तात्या आले.

"आरं, ही माज्या घरची पैदास हाय. तुला आकडं कळत्यात, म्हस कळत न्हाय व्हय?"

पुन्हा फोन. बाई चिडल्या नाहीत. वर्गात माझ्यावर चिडून त्यांचा राग बहुधा संपला असावा.

"भाग जात न्हाय ती आपली न्हाय, एवढंच खरं. जातो ती आपलीच, असं कुठं हाय? आपलीला नवानं बी जातो. बघ नीट."

कोपऱ्यात वेगळ्या बांधलेल्या म्हशीला दोन्हींनी भाग गेला. परकी दिसली म्हणून तात्यांनीच तिला तिथं बांधलं होतं. विचारलं असतं तर शेंबडं पोरही सांगतं, असं ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला, त्यामुळं ते बोलणंही गोड लागलं.

आठवड्यानं बाई काळा चष्मा लावून परतल्या. अकरी त्यांचा हात चाटायला लागली. शाबासकी मिळावी म्हणून मी बिल्ला धरून त्यांच्यासमोर मोठ्यानं बेरजा केल्या. एकीकडं सत्तावीस आले, दुसरीकडं पंचवीस. म्हणजे ही पण परकीच?

बाईंनी म्हशीच्या कपाळावरचा हात हलवला नाही.

"म्हस बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "तुझी बेरीज चुकलीय."