बॅटरी कुणासाठी नेली होती

जनादादाला मी शेवटचा पाहिला तेव्हा तो आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माझ्याच गाडीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. त्यानंतर तासाभरात तो गेला. आज सात आठवडे झाले, माझा राग काही उतरत नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी त्याच्यावरही रागावलोय, पण त्याचा नंबर दुसरा.

जनादादा माझा मामेभाऊ, मूळ गव्हाणचा. पनवेलात त्याचं तीस वर्षं गॅरेज. गॅरेज कसलं, एक शटर, एक खड्डा आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. बंद पडलेली गाडी आली की तो आधी बॉनेट उघडायचाच नाही. मालकाला स्टुलावर बसवायचा आणि डॉक्टरसारखा विचारत सुटायचा. चावी फिरवल्यावर नुसतं टक झालं, की घरघर होऊन पेटत नाही, की काहीच आवाज नाही? काल शेवटी कोणी चालवली? टक झालं तर बॅटरी नाहीतर स्टार्टर, घरघर असेल तर पेट्रोल पोचत नाही किंवा ठिणगी पडत नाही... हातात पाना घेण्याआधी त्याचं निम्मं निदान झालेलं असायचं. "गाडी खोटं बोलत नाय, मालक बोलतो," हे त्याचं ठाम मत. आमच्या घरात प्रत्येकाची अशी उलटतपासणी झालेली, माझी सगळ्यांत जास्त. एकदा दोन तास अडलेल्या माझ्या गाडीचं कारण रिकामी टाकी निघालं. त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नात तो नवऱ्यामुलाला माझी ओळख एवढ्याच गोष्टीने करून द्यायचा.

म्हणून त्या सकाळी माझं डोकं फिरलं. गाडी नवी, बिनक्लचची. चावी फिरवली, समोरचे दिवे लागले, आवाज मात्र काही नाही. दादाला फोन लावला आणि त्याचे प्रश्न सुरू व्हायच्या आत ठोकून दिलं की बॅटरी उतरलीय, मी मीटर लावून बघितलं. माझ्या घरात मीटर एकच, विजेच्या बिलाचं. पण बावन्नाव्या वर्षी पुन्हा त्या स्टुलावर बसायची माझी तयारी नव्हती. "मीटर लावला? मंग घेऊनच येतो," एवढंच तो म्हणाला.

बॅटरी घेऊन आला. वॉचमनने त्याला स्कूटर गेटाबाहेर ठेवायला लावली. नियम आमच्या कमिटीचा, कमिटीत मी. ते धूड दोन्ही हातांत धरून त्याने शेवटच्या बिल्डिंगपर्यंतचा रस्ता चालत कापला. पोचला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा मातीच्या रंगाचा. काल जेवण जड झालं, म्हणाला. मग गाडीत डोकावला, आणि गिअर पाहून हसायलाच लागला. गाडी मी गिअरमध्येच ठेवून बंद केली होती, आणि अशी गाडी गिअरमध्ये असली की चालूच होत नाही. त्याने न्यूट्रल टाकला, ब्रेक दाबला, चावी फिरवली... झाली चालू. बॅटरी पुन्हा स्वतःच उचलली. मी पुढे केलेला हात त्याने झटकला, आणि मीही तो फार पुढे केला नव्हता.

त्याचा घाम मी पाहिला होता. खोटं आम्ही दोघेही बोललो. माझं त्याने एका नजरेत पकडलं. त्याचं मी खरं मानलं, कारण मला लाजेतून लवकर सुटायचं होतं. हातात दुखतंय का, कधीपासून, एवढं विचारायला मेकॅनिक असावं लागत नाही. गॅरेजच्या दारात स्कूटर लावून तो पायरीवर बसला, तो उठलाच नाही.

बॅटरी स्कूटरवर तशीच होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी एकच विचारायच्या, ही कुणासाठी नेली होती? मला त्या माणसाचं तोंड बघायचंय. तेराव्याला मी तिथेच पंगतीत भात वाढत होतो. भात वाढत राहिलो.

गेल्या रविवारी गॅरेजात जाऊन सांगितलं. सगळं, मीटरसकट. वहिनी दादाच्या खुर्चीत बसल्या होत्या. 

"तुमचीच गाडी, ते माहीत होतं मला, भावोजी," त्या म्हणाल्या. "तुमच्या गेटातनंच फोन केलेला त्यांनी. तुमच्या मीटरचं सांगत होते. बोलले, हसून हसून छातीत दुखाया लागलंय."

मग थांबून म्हणाल्या, "मी पन हसले."

मी कसंबसं विचारलं, की मग इतके दिवस सगळ्यांना का विचारत होतात?

"तुमी कधी सांगता ते बघत होते."

तेवढ्यात टेबलावरचा दादाचा फोन वाजला. वहिनी तो रोज चार्ज करतात. नाव न बघताच त्यांनी माझ्यापुढे धरला. पलीकडे कुणी गृहस्थ होते, घाईत. गाडी चालू होत नाही, बॅटरी गेलीय, जनाभाऊंना घेऊनच यायला सांगा.

"बॅटरीच गेली हे तुम्हाला कसं कळलं?" मी ओरडलो. इतक्या जोराने मी माझ्या मुलांवरही कधी ओरडलो नाही.

 मी त्यांना सांगितलं, जनाभाऊ आता नाहीत. ते अरेरे म्हणाले, पण फोन ठेवेनात. मग ओशाळून विचारलं, चावी फिरवल्यावर काय होतं ते सांगू का?

इंजिनातलं मला आजही काही कळत नाही. सांगा, म्हटलं. वहिनींनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसलो आणि त्या गृहस्थांचं सगळं, शेवटपर्यंत, मधे न बोलता ऐकून घेतलं.