बाहेर राहिलेली एक बरणी

सुमन प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा माझं प्रात्यक्षिक चालू होतं. बारामतीच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, आणि सुमन ही निमगाव केतकीच्या सोपानतात्या कुंभारांची धाकटी लेक. एसटीनं आली होती. हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते तिनं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "तात्या गेलं, बाई. मंगळवारी. ही तुमाला द्याया सांगितली हुती." मी पोतं सोडलं. आत हातभर उंचीची बरणी. कोऱ्या चहाच्या रंगाची, खांद्यावर हिरवट ओघळ, आणि झिलई अशी की बोट कुठंही अडत नव्हतं. बाप गेलेल्या पोरीला 'बस' म्हणायचं सोडून मी काय विचारलं असेल? "यात राख कुठली घातली?" सुमननं पदरानं डोळे पुसले. "मला काय म्हाईत, बाई..." त्या प्रश्नाची लाज मला महिना झाला तरी सोडत नाही. पण खरं सांगायचं तर तात्यांवरचा रागही अजून गेलेला नाही.

आमची ओळखच भांडणानं झाली. सात-आठ वर्षांपूर्वी निमगावच्या बाजारात एक कुंभार चकचकीत, लालसर पिवळ्या बरण्या घेऊन बसला होता. साध्या मातीच्या बरणीतून तेल पाझरतं, म्हणून बाया प्लास्टिकच्या डब्यांकडे वळल्या होत्या. ह्या बरण्या मात्र पाझरत नव्हत्या आणि गर्दी मावत नव्हती. मीही दोन घेतल्या आणि सहज विचारलं, ही झिलई कशाची? "शेंदराची," तात्या ऐटीत म्हणाले. शेंदूर आणि थोडी माती पाण्यात कालवून लावायची, कुंभाराच्या साध्या आव्यात, म्हणजे मंद भट्टीतही ती वितळते. शेंदूर म्हणजे शिसं. लोणच्याच्या आंबटात ते उतरणार आणि पोटात जाणार. मी तिथंच, गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, "अहो, हे विष आहे." तात्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी देवाचा पाणउतारा केला होता. "मारुतीला लावत्यात शेंदूर. देवाला चालतंय, मग तुमच्या लोणच्याला बाधतंय व्हय?" यावर भोवतालच्या बाया हसल्या. मी दोन बरण्या उचलल्या आणि तणतणत एसटी गाठली.

पुढच्या आठवड्यात तात्या स्वतः कॉलेजात आले. "दावा," एवढंच म्हणाले. मी एका बरणीत लिंबाचा रस घालून ठेवला आणि त्यांना दोन दिवसांनी बोलावलं. ते आले, स्टुलावर बसले. मी तो रस परीक्षानळीत घेऊन त्यात सडक्या अंड्यासारखा वास येणारा तो वायू सोडला. बघता बघता नळी काळी झाली, म्हणजे रसात शिसं उतरलं होतं. तात्या ती नळी उजेडाकडे धरून म्हणाले, "माझी नात ह्याच्यातलंच लोणचं खाती." घरी जाऊन त्यांनी उरलेल्या सगळ्या बरण्या फोडल्या आणि आडापासून लांब खड्डा खणून खापरं पुरली. तेवढ्यावर भागलं नाही. विकलेल्या बरण्या परत मागत ते काटेवाडीपर्यंत दारोदार फिरले. बदल्यात माठ देत होते. लोक देईनात. इतकी चांगली बरणी कोण देतं? एका म्हातारीनं तर ती देवघरात ठेवली होती. सोपानला वेड लागलं असं सगळे म्हणत होते, पण एकेक करत तीन वर्षांत त्यांनी बरण्या गोळा केल्या. फक्त एक राहिली. ती माझ्याकडे होती.

मी दोन घेतल्या होत्या ना. एक प्रयोगात गेली, दुसरी कपाटात. मुलांना शिसं शिकवताना दाखवायला फार उपयोगी. तात्या दर खेपेला म्हणायचे, "बाई, तेवढी फोडू द्या. एक बाहेर हाय म्हणल्यावर झोप लागत न्हाय." आणि मी दर खेपेला म्हणायचे, "कुलुपात आहे हो, कुणी लोणचं घालत नाही तिच्यात." मी ते हसण्यावारी न्यायचे.

नको म्हणणं सोपं असतं. "मग आता काय लावू, सांगा," असं तात्यांनी विचारलं. मी पुस्तकं उघडली. त्यात होतं ते सगळं पुण्याहून पोत्यांनी आणायचं. तात्या अडून बसले, "आमच्या शिवारात जे हाय, त्यातलं सांगा." मग शिवारात शोधलं. गुऱ्हाळातली चिपाडाची राख, काळ्या रानातली चुनखडी, ओढ्यातल्या गारगोट्या. गारगोट्या मीच सुचवल्या. झिलईला काच लागते आणि काच गारगोटीत असते, हे मी फळ्यावर लिहून दाखवलं. भट्टीत लाल करायच्या, पाण्यात टाकायच्या, तडकल्या की कुटून जात्यावर दळायच्या. तात्यांनी साखर कारखान्याच्या भंगारातून बॉयलरच्या जुन्या विटा आणल्या आणि घरामागच्या परड्यात नवी, जास्त आचेची भट्टी उभी केली. त्या आगीत आमची काळी माती भांडं म्हणून टिकेना, वितळून बसकण मारायची. तेव्हा तात्यांनीच ओळखलं की जी भांडं व्हायला तयार नाही तीच झिलई होईल. भांड्यापुरती पांढरी माती मात्र कोकणातून ट्रकवाल्याकडून मागवावी लागली, त्याबद्दल ते शेवटपर्यंत कुरकुरत होते.

आणि तरीही काही धड जमत नव्हतं. कधी झिलई फोडांनी भरायची, कधी ओघळून बरणी भट्टीतल्या फळीला चिकटायची. मी कॉलेजातला जुना तराजू दिला, तर हौसाकाकू, म्हणजे तात्यांची बायको, त्यावर मिरच्या तोलायच्या. तात्या मापायचे ओंजळीनं. एकाच भट्टीत राख बदलायची, माती बदलायची, वर लाकूडही बदलायचं. मग बिघडलं ते कशानं? मी डोक्याला हात लावायचे. "तात्या, एका वेळी एकच गोष्ट बदला हो." ते शांतपणे म्हणायचे, "एकेक बदलत बसाया मला जलम किती उरल्यात, बाई?" या उत्तराचा मला फार राग यायचा. आता वाटतं, त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा बरोबर होता.

दोन वर्षांपूर्वी तात्यांना खोकला लागला. कॉलेजचा जिना चढताना थांबायला लागले. डॉक्टरांनी दमा सांगितला. गारगोटीचं पीठ छातीत बसतं हे मला ठाऊक होतं. तोंडाला ओलं फडकं बांधा, असं मी सांगितलंही होतं. त्यांनी दोन दिवस बांधलं आणि सोडून दिलं, "जीव गुदमरतोय" म्हणाले. मी पुन्हा सांगितलं नाही. शेंदूर विष म्हणून मी ज्या तोंडानं बाजारात ओरडले, त्याच तोंडानं गारगोट्या दळा म्हणाले... आणि फडक्यासाठी मात्र एकदाच बोलले. कुणी माझ्यावर आळ घेतलेला नाही. हौसाकाकू उलट म्हणाल्या, "तुमच्यामुळं माणूस कामात हुता." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

सुमन त्या दिवशी निघताना तात्यांचा निरोप सांगून गेली. लिंबाचा रस घालून बघा, काळं झालं तर फोडा, न्हाय झालं तर लोणचं घाला. मी रस घातला. दोन दिवसांनी वायू सोडला. काही झालं नाही. पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. नळी स्वच्छ राहिली. सात वर्षांनी जमलं, आणि कशानं जमलं ते कुणालाच माहीत नाही. निमगावला जाऊन परड्यातल्या मडक्यांत हात घातला. पाच प्रकारच्या राखा, एकावरही खूण नाही. जात्याच्या पाळीत पांढरं पीठ तसंच होतं. मी तिथं बसून तात्यांना मनसोक्त रागावले. हौसाकाकूंनी चहा आणून दिला.

बरणीत आता लिंबाचं लोणचं मुरतंय. खाली कागद घातलाय, त्यावर तेलाचा एक डाग नाही. लोणचं भरल्यावर मी कॉलेजात गेले, कपाटाचं कुलूप काढलं आणि ती लालसर पिवळी बरणी पोत्यात घालून निमगावला नेली. सुमननं जुना खड्डा दाखवला. पहिल्या घावात फुटेना, चांगली घडवली होती. दुसऱ्या घावात फुटली. आम्ही दोघींनी माती लोटली.

तात्या, आता बाहेर एकही नाही.