रोज ताज्या होणाऱ्या फायली

तेव्हा आमचा तालुका धुळे जिल्ह्यात होता आणि मी कचेरीत कनिष्ठ कारकून. नव्या साहेबांनी हुकूम काढला: फाइलमध्ये काही बदल झाला की त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का वेष्टणावर मारायचा. म्हणजे कुठलं प्रकरण किती दिवस पडून आहे, ते बघताक्षणी कळेल.

आमच्या अव्वल कारकुनांनी हुकूम दोनदा वाचला आणि शिक्का माझ्या हाती दिला. "सकाळी आलास की सगळ्यांवर मारत जा. एकही शिळी दिसता कामा नये."

मी मारत गेलो. वर्षानुवर्षं कोणी न उघडलेल्या फायलीही रोज अकरा वाजता ताज्या होत. साहेब खूश होते.

होळीनंतर तापीकाठच्या गावातून एक गुजर विधवा आली. नवऱ्याच्या जमिनीला तिचं नाव लावावं, असा आदेश आधीच्या साहेबांनी दिला होता. आता तलाठी म्हणत होता, फाइलीत दिराचं नाव आहे.

फाइल निघाली. आदेशात दीरच होता.

"होळीना आगे मन्हं नाव व्हतं," ती म्हणाली. "आते कोठे गयं?"

साहेबांनी वेष्टण पाहिलं. शेवटचा बदल: आज. त्यांनी कपाटातून आणखी चार फायली काढल्या. आज, आज, आज, आज. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अव्वल कारकुनांकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते.

बाईनं पदराखालून आदेशाची घडी केलेली नक्कल काढली. तीत तिचंच नाव होतं.

"नकलेत चुका होतात," अव्वल कारकून म्हणाले.

ते अक्षर माझं होतं. गप्प बसणं सोपं होतं, आणि कचेरीत मी तेवढंच नीट शिकलो होतो. पण बाई माझ्याकडेच बघत होती. म्हटलं, "साहेब, ही मी उतरवली आहे. मूळ कागदात यांचंच नाव होतं."

साहेबांनी पानं उलटली. इतर कागदांची भोकं दोरीनं फाटून रुंद झालेली. आदेशाच्या कागदाचं भोक कोरं, नुकतं पाडलेलं. कागद बदलला होता, यात शंका उरली नाही.

"कधी बदलला?" साहेबांनी विचारलं.

कोण सांगणार? फाइल रोजच बदलत होती, माझ्याच हातानं. त्या काळात फाइल कोणाकोणाच्या टेबलावर गेली, ते शोधायला तारीखच नव्हती. कागद बदलणारा सापडला नाही. त्याला इतकं चोख संरक्षण मी दिलं होतं, तेही हुकमानुसार.

बाईचं नाव नकलेवरून पुन्हा लागलं. जाताना ती मला म्हणाली, "भाऊ, तुम्हना शिक्कापेक्षा तुम्हनं अक्षर बरं शे." मला ते कौतुक वाटलं नाही.

साहेबांनी नवा हुकूम काढला: शिक्का कुलुपात ठेवावा, किल्ली अव्वल कारकुनांकडे असावी.

दुसऱ्या दिवशी अव्वल कारकुनांनी कुलूप काढून शिक्का दिला. मी फक्त उघडलेल्या फायलींवर मारला. संध्याकाळी त्यांनी मोजल्या.

"सात? अरे, साहेबांना वाटेल कचेरी बंद होती."

"जवळजवळ होतीच," मी म्हणालो. पुढच्याच महिन्यात माझी बदली सातपुड्यात झाली.