टांटे रोझा, एक्स-रे विभाग

टांटे रोझा नर्स नव्हती.

सोमवारी ती गेली. तेव्हापासून नेदरलँड्समधल्या आमच्या झूटरमेरच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर "किती प्रेमळ नर्स होती" चालू आहे. अरे, बाईने अख्खं आयुष्य हॉस्पिटलमध्ये एक्स-रे आणि स्कॅन काढले! एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही?

मलाही नव्हतं वाटलं. पहिल्याच भेटीत ती हॉस्पिटलमध्ये काम करते कळल्यावर मी म्हणाले होते, "ओह, नर्स?"

"का? चेहऱ्यावर लिहिलंय?"

तिचे आईवडील पॅसिफिकमधल्या पापुआहून इथे आलेले. टांटे म्हणजे डचमध्ये मावशी. तिची सख्खी भाची नाओमी माझ्या सईच्या वर्गात होती. दोघींचे मार्क सारखेच.

शाळेत करिअरची मीटिंग होती. नाओमीबरोबर टांटे आली होती. सर सईला म्हणाले, "मेडिसिन, फार्मसी, रिसर्च. तुला सगळं ओपन आहे."

मी खूश.

मग नाओमीकडे वळले. "तू वृद्धांच्या केअर होममध्ये छान रमशील. तुमच्या लोकांत सेवा उपजतच असते."

टांटे उभी राहिली.

"उपजत? मी फिजिक्स आणि अ‍ॅनाटॉमी घासून पास झालेय, सर. केअर होमचं काम मोठंच आहे. पण ते तिने निवडायचं. तुम्ही वाटून द्यायचं नाही."

सगळे पालक खाली बघत बसले.

मीसुद्धा. सारखे मार्क मला माहीत होते, तरी तोंड उघडलं नाही. त्या सरांपेक्षा स्वतःचीच जास्त चीड येते आज.

पुढच्या शनिवारपासून टांटेने त्यांच्या बेटांवरून इथे आलेल्या घरांतली पोरं गोळा केली. ओळखीपाळखीत फोन करकरून त्यांना लॅब दाखवली, कानाची तपासणी दाखवली, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसवलं. "यांना झेपेल का?" असं कुणी म्हटलं की ती विचारायची, "तुम्हाला झेपलं ना?"

कृत्रिम पाय बनवायच्या वर्कशॉपमधून नाओमी बाहेरच येईना. आज ती तेच काम करते.

(सई आयटीत गेली. तो वेगळा विषय.)

आज सकाळी नाओमीला फोन केला. म्हटलं, "रजा घेतलीस ना गं?"

"दुपारी अंत्यविधीला पोचते, आंटी. आत्ता एक आजोबा नव्या पायावर पहिल्यांदा उभे राहतायत. ठेवते."

टांटे, ऐकलंस?

त्या मीटिंगमध्ये मी तुझ्या बाजूने उभी राहिले नाही. माफ कर.

सुखाने जा. मनापासून नमस्कार.