दादाने आणलेला तांदूळ

मंडळी, डोळ्यांत पाणी आणि तोंडात शिवी आहे, तरी लिहितेच.

मागच्या वर्षी माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. लोकांच्या देणगीतून झालं, देणगीदारांनी माझे फोटोही काढले. पुढची प्रोटीन पावडर, गोळ्या, रक्ताच्या तपासण्या मात्र माझ्या पगारातून, आणि मी कुंभिवलीच्या कारखान्यात पॅकिंगला. महिनाभर पावडरचा डबा रिकामाच आहे.

आज सकाळी माहेराहून, पोशीरहून दादा आला, खांद्यावर तांदळाची गोणी घेऊन. "बाय, आमच्याकडं दुसरं काय हाय? पोटभर खा."

भात डॉक्टरांनी जवळपास बंदच केलाय. चाचरत म्हटलं, "दादा, हा विकून पावडर आणू?"

त्याचा चेहरा उतरला. "माहेरचा तांदूळ इकशील गं?"

मग मीच भात रांधला आणि त्याच्यासमोर बसून गिळला. पाचव्या घासाला मोरीकडे धावले. सगळं उलटलं.

दादा मागे येऊन उभा. "ऑपरेशन फसलं काय गं तुझं?"

फसलं कुठे? देणगीदारांच्या हॉलमध्ये माझा बारीक झालेला फोटो लावलाय. त्यानंतर मी खायचं काय, एवढंच कुणी विचारलं नाही. तुम्ही तरी सांगाल?