वस्तीची गाडी

रत्नागिरी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर रोज संध्याकाळी भेटणारे हे गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. विमानात कधी बसलेले नाहीत. पण मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास, विनाथांबा, हे अजूनही भोंग्यावरून सांगितल्यासारखं सांगतात. "आपल्याला मुंबई गाठायला नऊ तास," असं वर जोडतात. महामार्गाबद्दल त्यांचं भाषण एवढंच. मंत्र्यांची लांब असतात.

मुलगी न्यूयॉर्कला गेल्यापासून ते मोबाइलच्या नकाशावर रोज ते विमान सरकताना बघतात. विमानाला गाडी म्हणतात. साडेपाचच्या सुमारास "लागली" म्हणून चष्मा काढतात. एकदा मी विचारलं, रात्री शेवटच्या गावात थांबणाऱ्या एसटीसारखी ही तिथे थांबते का?

"छे. वस्तीची नाय ती. लगेच परत फिरते. वस्तीला माणसंच ऱ्हातात."

मे महिन्यात मुलगी यायची होती. चार दिवस आधी तिची रजा रद्द झाली. ठरलेल्या दिवशी मात्र हे भर दुपारीच टपरीवर, इस्त्रीचा शर्ट घालून. मोबाइलवर परतीचं विमान मुंबईजवळ आलेलं.

"काका, ती येत नाही ना?"

"ती नाय येत. गाडी येत्ये ना."

थोड्या वेळाने "लागली" म्हणाले आणि बाकावर जरा सरकून शेजारी एकाची जागा केली. मी उभाच होतो, पण त्या जागेवर बसलो नाही.