नको म्हणायची सोय

निवृत्तीनंतर बाबांचं सगळं औषधपाणी माजी सैनिकांच्या योजनेतून चालायचं. दर महिन्याला ते इंदूरहून बसने महूला जायचे, तिथल्या दवाखान्यात बीपी-शुगर दाखवायचे, गोळ्या घ्यायचे आणि पलटणीतल्या जुन्या दोस्तांबरोबर पोहे खाऊन परतायचे. आई गेल्यानंतर तेवढाच एक दिवस त्यांचा स्वतःचा उरला होता.

सत्तरीपुढच्यांसाठी सरकारी विम्याचं कार्ड निघालं, तेव्हा आमच्या कॉलनीत शिबिर लागलं. मी पलासियाला ऑफिसात होते. बाबा दूध आणायला निघाले, तर टेबलावरच्या माणसाने हाक मारली, "आओ बाबूजी, इलाज फ्री!"

बाबा म्हणाले, "मेरा फौज का है."

"तो ये एक्स्ट्रा हो जाएगा!"

चेहऱ्यावरून ओळख पटवायला मोबाइल तोंडासमोर धरून त्याने बाबांना डोळे मिचकावायला लावले. झालं, कार्ड तयार.

पुढच्या खेपेला महूच्या दवाखान्याच्या खिडकीवरून बाबा रिकाम्या हाताने परतले. एका वेळी एकच योजना मिळते, तुम्ही दुसरी निवडली, इथलं नाव बंद, असं त्यांना सांगितलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सुट्टी काढून मी विम्याच्या कार्यालयात गेले.

"मॅडम, ऑप्शन एकदाच देता येतो," बाबू म्हणाला.

"पण त्यांनी दिलाच नाही. त्यांना कुणी विचारलं तरी का?"

"पलकें तो बाबूजी ने ही झपकाईं ना?" शेजारच्या टेबलावरचा माणूस हसत म्हणाला. "लोग रोते हैं कि कार्ड नहीं बना, आप रो रही हो कि बन गया!"

मी रडत नव्हते. पण त्या हसण्याने माझ्या अंगाची लाही लाही झाली.

ओळखीच्या वकीलबाईंनी नियम वाचून सांगितलं, "जुनी योजना ठेवून नव्याला नाही म्हणायचा हक्क बाबांना होताच. केस उभी राहील, पण वर्षं जातील." मी लढायला तयार होते. बाबांनी मान हलवली. "ज्यांची वर्दी घातली, त्यांनाच कोर्टात खेचू?"

हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. त्याच कार्डावर खासगी दवाखान्यात भरती केलं, चांगले उपचार झाले, ते बरे होऊन घरी आले. हे मला सांगितलंच पाहिजे. भेटायला आलेले काका म्हणाले, "देख लिया भिया, कार्ड कामाला आलं ना?" बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "आलं. मला विचारून आलं असतं तर बरं वाटलं असतं." काकांना ते कळलं नाही. आजारातून उठलेला माणूस चिडतो, असं म्हणून त्यांनी विषय बदलला.

हे कार्ड भरती होण्यापुरतं. रोजच्या गोळ्या आता आम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणतो. महूला जाणं थांबलं. "चला, नुसतं भेटून या," मी पुष्कळदा म्हटलं. "औषध नाही तर तिथे जायचं कशाला?" एवढंच उत्तर.

परवा तिकडच्या एका दोस्ताचा फोन आला. बाबा मोठ्याने हसून सांगत होते, "अरे, मीच सोडलं तिकडचं. रोज रोज बसचे धक्के कोण खाणार?"

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "बाबा, तुम्ही कुठे सोडलं?"

ते म्हणाले, "मग काय सांगू त्याला? मला काढलं म्हणून?"